सिग्नलमामांचं एकमेव खोटं

सिग्नलमामा कायम खाली बघत चालायचे. पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं जमिनीखालच्या तारांमधले बिघाड शोधल्यामुळे नजर वर उचलायची सवयच मोडली होती. निवृत्त होऊन गावी, बोरीला, परतल्यावरही समोरून येणाऱ्याच्या आधी चपला ओळखत, मग माणूस.

दुसरी सवय खरं बोलायची. भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांना, "पोरगी गुणाची हाय, पण डाव्या कानानं कमी ऐकू येतं," असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. सोयरीक मोडली. बहीण वर्षभर बोलली नाही. मामांचं म्हणणं एकच, "तार खोटं बोलत न्हाई. तिच्यावर पोट भरणाऱ्यानं कशाला बोलावं?"

मी गावाजवळच्या एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलानं परदेशातून शाळेसाठी गवत कापणारं यंत्र पाठवलं. कासवाएवढं ते यंत्र दिवसभर आपोआप फिरायचं आणि हिरवळीच्या कडेनं पुरलेल्या तारेपाशी आलं की वळायचं. त्याआधी ते गवत शाळेत कामाला असलेली गयाबाई विळ्यानं कापायची. यंत्र आल्यावर तिला संडास धुवायला लावलं. महिनाभरानं यंत्र जागेवर थांबलं, म्हणून मी मामांना बोलावून आणलं.

यंत्र उलटं करून बघत मामा म्हणाले, "ह्याला डोळे न्हाईत, दादा. चार्जिंगच्या पेटीतून तारंत बारीक करंट धडधडत ऱ्हातो. त्यानं तारंभवती चुंबकासारखं बळ तयार हुतं. ह्याच्या नाकात तांब्याच्या तारंची गुंडाळी हाय, तिला ते कळतं. हद्दीच्या आत त्या बळाची दिशा एक, तार ओलांडली की उलटी. उलटी झाली की हे माघारी फिरतं. आता करंटच थांबलाय. आत कुटलं अन् भाईर कुटलं, ह्याला कसं कळावं?"

मग तुटलेल्या जागेपर्यंत तरी तारेत करंट जावा म्हणून त्यांनी पेटीकडची जोडणी बदलली आणि जुना रेडिओ दोन स्टेशनांमधल्या खरखरीवर लावून तारेवरून हळूहळू नेला. तारेचा आवाज रेडिओत गुणगुणत होता. कण्हेरीपाशी तो बंद झाला. मामांनी बोटानं माती उकरली.

"उंदरानं कुरतडली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई साहेब. दाताची खूण न्हाई. इळ्यानं कापलीय, एका घावात."

सगळ्यांच्या माना नळाकडे वळल्या. तिथं गयाबाई बादली भरत होती. त्याच दुपारी तिला काढल्याचं पत्र मी टाईप केलं.

मामांना दुसऱ्या दिवशी कळलं. "तिचं काम ह्याच यंत्रानं गेलतं, हे मला का सांगितलं न्हाई, दादा?" संध्याकाळी ते मला घेऊन तिच्या घरी गेले. तिनं पाणी दिलं.

"बाई, माझ्या तोंडानं तुझी भाकर गेली."

"तुमी कुटं खोटं बोललात, मामा? मीच कापली. ते दिसभर माज्या गवतावर फिरायलतं अन् मी संडासाच्या दारातून बघायलते. ऱ्हावलं न्हाई."

मामा भरलेला तांब्या तसाच ठेवून उठले.

सकाळी ते अध्यक्षांसमोर उभे राहिले. "साहेब, परवा माझी नजर चुकली. ती तार उंदरानंच तोडली असंल." अध्यक्ष हसले. "मामा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. जा घरी."

बाहेर आल्यावर मामा पायरीवरच बसले. "जल्मात एकदाच बोलाया गेलो, दादा. ते बी जमलं न्हाई." त्यानंतर त्यांनी कुणाची दुरुस्ती घेतली नाही. माणसांत येणंही थांबलं. थंडीत त्यांनी अंथरूण धरलं आणि दीड महिन्यानं गेले.

गयाबाई तोवर परभणीला लेकीकडे गेली होती. मी फोन करून कळवलं. तिनं विचारलं, "लय हाल झाले का मामांचे?"

"नाही," मी म्हणालो. "झोपेतच गेले."

हाल झाले होते.