आईची फणी

नातीच्या केसांतून उवांची फणी ओढताना परवा उगाचच रॉकेलचा वास आल्यासारखा वाटला. पन्नास वर्षांपूर्वी सोलापुरात आई दर रविवारी माझ्या डोक्याला रॉकेल चोळून वर टॉवेल करकचून बांधायची. टाळू भाजून निघायची, तरी बुधवारी उवा हजरच!

एका रविवारी ती भडकलीच. “शेजारच्या पोरींत खेळू नगं म्हनलं हुतं की!” म्हणत तिनं पाठीत धपाटा घातला. मैत्रिणी तुटल्या म्हणून मी रडत बसले. आई मात्र माझ्या उवा काढता काढता मधूनच तीच फणी स्वतःच्या अंबाड्यात खुपसून कराकरा खाजवायची आणि पुन्हा माझ्या केसांत घालायची.

आता चीड येते ती स्वतःचीच. आईचंही डोकं कधी बघावं, असं घरात कुणालाच सुचलं नाही. मलाही.