फक्कीनं काढलेलं गाव

अश्लेषा भोयर नागपुरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात रेखाटन शिकवायला लागली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. रोज उमरेडहून एसटीनं यायची आणि मांडीवर वही ठेवून समोर बसलेल्या माणसांचे हात काढायची. एसटी हादरली की रेघही हादरायची. तिनं ती कधी खोडली नाही. वीस वर्षांत अशा वह्यांनी दोन लोखंडी कपाटं भरली, रामदासपेठेत प्रदर्शनं झाली, चारचौघांत नाव झालं.

अशाच एका प्रदर्शनाला तिचे वडील रुपराव आले. कोळसा खाणीच्या मोजणी विभागात त्यांनी जन्मभर टेप धरली होती. हात मागं बांधून त्यांनी एकेक चित्र पाहिलं आणि दाराशी येऊन म्हणाले, "मस्त आहे वं. पण मानसानं यात शिराव कुठून?"

ते सहज बोलून गेले. अश्लेषाच्या मनात मात्र ते रुतून बसलं. पुढच्या उन्हाळ्यात ती विद्यार्थ्यांना घेऊन कन्हान नदीच्या पात्रात उतरली. पूर्वी पाणी जिथवर यायचं तिथवर वाळूत काठ्या रोवून तिनं पांढरी दोरी ताणली. आता रेघ पाहायची तर तिच्या बाजूनं अर्धा तास चालावं लागे. महाविद्यालयात हशा पिकला. "मॅडम, याले फ्रेम कुठून लावाची?" सहकारी विचारत. तीही हसायची, पण कागदाकडे परत जावंसं तिला वाटेना.

मग एक दिवस जितेंद्र नावाचा तिचा विद्यार्थी वर्गाबाहेर थांबला. त्याचं गाव पिपरडोह, उमरेडच्या पलीकडचं, खाणीसाठी उठणार होतं. "दिवाळीनंतर घरं पाडणार आहेत, मॅडम," तो म्हणाला. "त्याआधी आमचं गाव काढता येईल का?"

काढायचं तर अदमासे नको, मोजून काढू, असं तिनं ठरवलं आणि वडिलांना सोबत चला म्हटलं. रुपराव नको म्हणाले.

"त्या गावची मोजनी आमीच केली होती. टेपचं एक टोक माह्या हातात होतं. लोकं दारात उभे राहून पाहत होते. आता कोनत्या तोंडानं जाऊ?"

"तुम्ही नाही आले तर घरं चुकतील, बाबा."

चौथ्या दिवशी टोपी घालून ते तिच्याआधी बसस्टँडवर हजर होते.

मोठ्या गल्लीतली बावीस घरं त्यांनी मोजली. ओसरी, चूल, न्हाणी, दाराची उंचीसुद्धा. सुभद्राबाई नावाच्या म्हातारीनं रुपरावांना ओळखलं. "तुमीच ना गा ते, टेपवाले?"

"हो बाई, मीच," रुपराव खाली मान घालून म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, आत गेली आणि गडवाभर पाणी आणून दिलं.

गाव उठलं. नव्या वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले गेले, त्यामुळे भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसं चार दिशांना फेकली गेली. बहुतेकांची घरं अजून टिनाचीच होती. वसाहतीशेजारच्या माळावर, एका फेब्रुवारीत, अश्लेषा आणि तिचे विद्यार्थी तीन दिवस राबले. कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीनं त्यांनी ती गल्ली होती तेवढीच, होती तशीच जमिनीवर काढली.

लोक आले, पण कडेला उभे राहिले. पुन्हा कोणाची तरी मोजणी, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात सुभद्राबाई पुढं आली. आपल्या घराच्या दाराशी थांबली आणि मान वाकवून आत गेली. तिचं जुनं दार ठेंगणं होतं. इथं वर आभाळाशिवाय काही नव्हतं, तरी ती वाकली. चुलीच्या जागी बसून तिनं हाक दिली, "सुमते, हायेस का वं घरात?"

तिची जुनी शेजारीण सुमती आता वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. ती गर्दीतून धावतच निघाली, आपल्या ओसरीत उभी राहिली आणि ओरडली, "हावो, काहून?"

मग कोणी थांबलं नाही. दुपारपर्यंत बावीस घरं भरली. आपापल्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या बोलणं निघालं, की प्लॉट आपसांत बदलले तर? अर्ज जितेंद्रनं लिहिला. सह्या अन् अंगठे तिथंच झाले.

चार दिवसांत शेळ्यांनी आणि वाऱ्यानं फक्की पुसून टाकली. अर्जाला मात्र दीड वर्ष लागलं. बावीसपैकी तेरा कुटुंबांची अदलाबदल मंजूर झाली. सुभद्राबाई आणि सुमती यांच्यामध्ये अजून एक घर आहे, पण हाक ऐकू जाते.

बढतीच्या मुलाखतीत समितीनं विचारलं, "ती कलाकृती सध्या कुठं आहे?" अश्लेषानं मंजूर अर्जाची प्रत पुढं केली. सदस्यांनी ती दोनदा वाचली. त्या वर्षी ती प्राध्यापक झाली.

गेल्या महिन्यात दोन अनोळखी माणसं तिच्या वर्गाच्या दाराशी आली. त्यांचंही गाव उठणार होतं. एकानं मोबाईलवरचे फोटो दाखवले, दुसरा नुसताच उभा होता.

"आमचं बी काढान का, मॅडम?"

तिनं कोरी वही उघडली आणि दोघांना खुर्च्या दिल्या. "सांगा," ती म्हणाली, "कोणाच्या घरापासून सुरू करू?"