आवाजाच्या पुढचं विमान

विमानात एकदाही न बसता विमानाविषयी इतकं बोलणारा माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. पांढरकवड्याला हायवेवर त्यांचं ट्रकच्या काचांचं दुकान. काच फुटलेला ड्रायव्हर आला, की नवी बसेस्तोवर त्याला आवाजाहून वेगवान विमानाची कथा ऐकावीच लागे. पूर्वी अशी विमानं माणसं नेत, मग बंद पडली, आता पुन्हा बांधायला घेतलीत, इथून सुरुवात. बारसं असो की तेरवी, साडू तिथून उड्डाण करत. मुकुटबनच्या एका लग्नात भर पंगतीत त्यांनी भाजीतलं वांगं उचललं. "असं गोल नाक चालत नाही, भाऊ." मग आमटीतली शेवग्याची शेंग उचलून म्हणाले, "असं पायजे. लांब, बारीक." वाढप्याला वाटलं पाहुण्यांना शेंगाच हव्यात, त्यानं ताटात शेंगांचा ढीग केला.

"ते इमान आवाजाच्या पुढं पळते," ते मला समजावत. "हवेले बाजूले सरकायले टाइमच भेटत नाही. मंग तिचा दणका खाली गावावर पडते. घराच्या काचा फुटतात."

"मग तुमचा तर धंदाच होईल!" शेजारचा टायरवाला म्हणाला. साडू पोळ्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. नाक इतकं लांब, की वैमानिकाला पुढचं दिसत नाही, म्हणून एका नव्या विमानात समोरची काचच काढून कॅमेऱ्याचा पडदा लावला, हे कळलं तेव्हा मात्र ते हादरले. "बिनकाचेच्या गाडीले पासिंग कोण देते?"

हे वेड काही जन्मजात नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी, वर्षा, अमेरिकेत असते. माझी मेहुणी, म्हणजे वर्षाची आई, एका उन्हाळ्यात अचानक कोसळली. आम्ही तिला नागपूरला दवाखान्यात नेलं. वर्षा मिळेल त्या विमानानं निघाली. मेहुणी शुद्धीवर असेपर्यंत एकच विचारत होती, "पोरगी कुठवर आली?" साडू मोबाईलवरच्या नकाशात सरकणारं चिमुकलं विमान बघून सांगत, "समुद्रावर हाय... आता जमीन लागली... येऊन राह्यली, पडून राहा तू." वर्षा अजून वाटेतच होती, तेव्हा मेहुणी गेली. नर्सनं चादर ओढली. पडद्यावरचं विमान तसंच सरकत होतं. साडू त्याच्याकडे बघत म्हणाले, "आता हळू आलं तरी चालते."

त्यानंतर हे सगळं सुरू झालं. कोणी हसलं तरी मी हसलो नाही. फार तर शेंगांच्या वेळी थोडा. मागच्या वर्षी मात्र एक दिवस ते दुकानात गप्प बसून होते. विचारलं, तर म्हणाले, "ही नवी इमानंबी जोरात पळतीन ते समुद्रावरच. जमिनीवर आले का दणक्यापायी हळू. दणका बारीक करू पाहून राह्यले, पण जमन तवा. आपल्याले तर भाऊ, चहूकडून जमीनच हाय." ड्रायव्हर काचेसाठी खोळंबला होता. साडू उठले आणि पहिल्यांदाच त्याच्याशी एक शब्दही न बोलता काच बसवून दिली.

यंदा दिवाळीला वर्षा आली, महिनाभर राहिली. तिला सोडायला आम्ही नागपूरच्या विमानतळावर गेलो. दारापाशी बॅगा उतरवल्या आणि तिचा फोन वाजला: विमानाला उशीर होता. ती वैतागली, पुढचं विमान चुकेल म्हणाली. साडूंनी तिच्या हातातली बॅग हळूच काढून घेतली.

"चाल न बेटा," ते म्हणाले, "चाय पिऊ. कायले घाई करतं?"