नळवाल्याचा मेहुणा

त्याला सगळे नळवाला म्हणत. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली कामाला होता. मेहुण्याचं वय पंचेचाळीस, शाळा सातवीत सुटलेली आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर ठाम, म्हणून त्याला नाव पडलं प्रोफेसर.

हे लोढणं गळ्यात कशाला बांधून घेतलंस, असं लोक विचारत. नळवाला पाना फिरवत राही. तो श्रद्धाळू होता, पण बोलून दाखवणारा नव्हता. रोज सकाळी हात जोडून एवढंच मागे, की आज जीभ ताब्यात राहू दे. बहुतेक दिवस ती राही.

एका बुधवारी राहिली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या सिंकखालचा पाइप बदलायचा होता. प्रोफेसरने गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, नळवाल्याने पाइप सोडवला. तेवढ्यात वर प्रोफेसरच्या मनात आलं, की बंद ठेवलेला कॉक घट्ट होऊन बसतो, जरा फिरवून बघावा. खाली पाण्याचा लोट उसळला आणि टेबलावरच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा पार लगदा व्हायची वेळ आली.

प्रोफेसर खाली आला, चौफेर बघून बाईंना म्हणाला, "प्रेशर छान आहे हो तुमच्याकडे."

"डोकं वाटताना देव कुणाकुणाला विसरतो, ते आज बघितलं," नळवाला म्हणाला.

मग तिघांनी मिळून फरशी पुसली. बाईंनी एकेक कागद इस्त्रीखाली वाळवला.

संध्याकाळी नळवाला हात जोडून बसला, पण मन लागेना. मेहुण्याला दुखावलं हे एक झालंच. वर देवालाही विसरभोळा ठरवलं, जणू त्याच्या हातून एक माणूस चुकून घडला होता. तो तसाच उठला आणि प्रोफेसरच्या खोलीवर गेला. प्रोफेसर चांगला चालणारा रेडिओ खोलून बसला होता.

"सकाळी तुला नको ते बोललो," नळवाला म्हणाला. "माफ कर."

प्रोफेसरने चष्मा वर सरकवला. "मला? मला वाटलं, तुम्ही त्या बाईंना म्हणालात. म्हटलं, दाजींचा तोल गेलाय, परक्या घरात कशाला त्यांना तोंडघशी पाडा. म्हणून मी गप्प बसलो. सांभाळून घ्यावं लागतं माणसाला."

खरं काय ते सांगावं, असं नळवाल्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने सांगितलं नाही. खाली बसून त्याने रेडिओचे स्क्रू एका वाटीत गोळा करून दिले.

पुढे नऊ वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. त्यात आणखी दोन स्वयंपाकघरं भिजली. नळवाल्याचे गुडघे तोवर दुखू लागले होते, तरी पाइप सोडवायच्या आधी गच्चीवर जाऊन कॉकपाशी तो स्वतः उभा राही आणि खालची जोडणी प्रोफेसरवर सोपवी. ती मात्र प्रोफेसरची कधी गळली नाही.