नवमीला घरी न आलेली हत्यारं

आमच्या अल्लीपुरात गॅरेजवाल्यांची एक रीत आहे. वर्षभर कोणाचं हत्यार कोणाकडे असेल, याचा नेम नसतो. बेरिंग काढायचा मोठा पुलर गावात एकच, तो आमचा. इंजिन उचलायची चेन-कुप्पी वेल्डिंगवाल्याची. ज्याला गरज असेल तो घेऊन जातो, आणि काम झालं तरी हत्यार लगेच परत येत नाही, कारण तिथून तिसराच कोणीतरी ते घेऊन गेलेला असतो. पण नवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, प्रत्येक हत्यार आपापल्या घरी येतं. पूजा घरचीच हवी. दसरा झाला की ते पुन्हा फिरायला मोकळं.

हिंगणीहून लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. मॅट्रिक झाले होते ना! म्हणजे जवळजवळ कलेक्टरीणच. पहिल्याच नवमीच्या आदल्या संध्याकाळी घरी होती तेवढी ग्रीसनं माखलेली हत्यारं पाहून मला किळस आली. मी ती विहिरीवर नेली, राखेनं घासली, खंगाळली आणि ताटवाट्यांसारखी पालथी घालून ठेवली. पान्याला पालथं काय नि सुलटं काय, पण तेवढी अक्कल असती तर! सकाळी सगळ्यांवर तांबूस गंज. यांनी ती पाहिली. कुंकवाचा करंडा तेवढा बाजूला सारला आणि म्हणाले, "लाल तर हे झालेच. आता हळदच आण." नातीला हे सांगते तेव्हा ती हसून लोळते. ती शहाणी सून आता मला कुठे भेटली, तर विहिरीवरून हाकलूनच देईन.

यंदा चैत्रात हे गेले. दवाखान्यातल्या सिस्टरनं हात साबणानं धुतले, तरी बोटांचा ऑइलचा वास काही गेला नाही. मला ते बरं वाटलं.

मुलगा वर्ध्याला नोकरीला असतो. तो म्हणाला, शटर किती दिवस बंद ठेवायचं, नवमीला सगळी हत्यारं घरी येतीलच, मग एकदमच जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. व्यापारी ती वजनावर घेणार होता. पोराचं काही चुकत नव्हतं. पडून गंजण्यापेक्षा गेलेली बरी. मी हो म्हटलं. मान हलली, बाकीची मी कुठे होते कोणास ठाऊक.

नवमीला सकाळीच शटर उघडलं, झाडलं आणि यांच्या स्टुलावर बसून राहिले. रस्त्यावरच्या साऱ्या गॅरेजांसमोर पाणी शिंपडलेलं, झेंडूची तोरणं लागलेली. आमच्याकडे मात्र कोणी फिरकेना. दुपार झाली. मग माझं डोकं तापलं. माणूस गेला, तर या लोकांनी त्याची हत्यारंही गिळली की काय! कापडी थैली घेतली आणि बसस्टँडपलीकडच्या गॅरेजात गेले.

तिथला मिस्त्री तरुणपणापासून यांच्या बरोबरीनं राबलेला. यांना दादा म्हणायचा, मला वहिनी. त्याचे वडील बौद्ध झाले तेव्हापासून त्याच्या घरी हत्यारांची पूजा नाही. दसऱ्याला तो बायकापोरांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. तरी दर नवमीला आमची हत्यारं पुसून आणून देणारा पहिला माणूस तोच असायचा.

मी पायरीवरूनच बोलायला सुरुवात केली. बरंच बोलले. त्यानं सारं ऐकून घेतलं आणि मला आत बोलावलं.

आत टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं. त्यावर आमचा पुलर, रिंग पान्यांचा सेट, यांनी स्वतः दांडा बसवलेली हातोडी. सगळ्यांना हलकासा तेलाचा हात, आणि प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. त्याची स्वतःची हत्यारं खाली ट्रेमध्ये तशीच पडली होती.

"यंदा तुमच्या घरी सण नाई, वहिनी," तो म्हणाला. "घरी आणून देल्ले असते तर बिनपूजेचे पडून राह्यले असते. म्हणून आमी साऱ्यायनं ठरवलं, ज्याच्यापाशी जे आहे, ते त्यानंच सांभाळावं. मी कुंकू लावत नाई. फूल ठेवलं."

वर्षभर घरात सण नाही, हे मला ठाऊक होतं. तोरण लावलं नव्हतं, पुरण घातलं नव्हतं. पण हत्यारंही त्याच घरची, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तो हात पुढे करून म्हणाला, "तो व्यापारी येनार आहे म्हनते. थैली द्या, भरून देतो."

मी थैली दिली नाही. तिची घडी करून काखेत धरली.

"राहू द्या, भाऊ," मी म्हटलं. "तुमच्या कामाचे आहेत ना?"

"रोजच्या," तो म्हणाला, आणि चष्मा पुसत बसला.

संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं, सामान पूर्ण नाही, व्यापाऱ्याला नको म्हण. मग कधी येईल, असं त्यानं विचारलं. म्हटलं, पुढच्या नवमीला. "आई, तू मुद्दाम करून राह्यली," म्हणाला. मी व्हय म्हटलं. व्यापाऱ्याला कळवतो, म्हणाला. फोन मात्र लगेच ठेवला नाही.

दसऱ्यानंतर पंपवाला मिस्त्री मोठा पाइप पाना मागायला आला. मी भिंतीवरचा काढून दिला. देताना, काय काम आहे म्हणून विचारलं. यांची तशी सवय होती. तो पायरीवर टेकला आणि कुठल्याशा वावरातल्या बोअरचा पाइप कसा जाम झाला, तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, तरी कसा हलेना, ते सांगू लागला. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. ते त्याला दिसत होतं. तरी तो सगळं सांगूनच उठला.