केबल, केळी आणि ‘इतर’

सॉफ्टवेअरचं म्हणणं होतं की केबल उन्हाने खराब झाली आहे, ती बदला. पुण्याच्या आमच्या सरांचंही तेच म्हणणं होतं, कारण सॉफ्टवेअर त्यांनी आणलं होतं.

मी एका ब्रॉडबँड कंपनीच्या जळगाव ऑफिसातून जळगाव-धुळ्याचं नेटवर्क सांभाळते. त्याआधी बरीच वर्षं धुळ्याला होते. कामाचं स्वरूप सोपं आहे. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, त्या प्रकाशावर तुमचं इंटरनेट चालतं. हा धागा म्हणजे फायबर. तो तुटला तर नेट बंद. तुटला नाही पण फार वाकला, तर वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर सांडतो आणि नेट रडतखडत चालतं. याला आम्ही ‘लॉस’ म्हणतो. घरच्यांना वाटतं मी पैशांबद्दल बोलते आहे.

नवं एआय सॉफ्टवेअर दिवसभर प्रत्येक लाइनचा लॉस बघत बसतं आणि बिघाड होण्याआधी इशारा देतं. रावेरकडच्या एका गावाच्या लाइनवर त्याने बोट ठेवलं. दुपार झाली की लॉस वाढतो, संध्याकाळी उतरतो. तापमानाचा आलेख त्याच्याशी तंतोतंत जुळत होता. निष्कर्ष: उष्णतेचा परिणाम, केबल बदलावी.

अडचण अशी, की केबल बदलायची तर गावाचं नेट तीन-चार दिवस बंद राहणार. आणि त्या गावात कविता राहत होती.

कविता पुण्याच्या एका कंपनीचं काम सासरी बसून करायची. काम काय, तर एआयला मराठी शिकवणं. मीटिंगमध्ये तिचा आवाज सारखा तुटायचा. तिच्या साहेबांनी तिला बजावलं होतं, आणखी एकदा असं झालं तर पुण्याला येऊन बसा. नवरा तिथल्याच शाळेत शिक्षक, मुलगी पहिलीत. ती मला रोज फोन करायची. भांडायची नाही, त्यामुळे जास्त अवघड जायचं.

मी सरांना विचारलं, शेजारच्या गावाच्या लाइनवरही हेच ऊन पडतं, तिला का नाही काही होत?

“मॅडम, सॉफ्टवेअरने इतका डेटा बघितलाय,” सर म्हणाले.

“बघितलाय, सर. गाव नाही बघितलं. मला एक दिवस द्या.”

दिला, पण उद्या केबलची ऑर्डर जाणार हे सांगून.

निघण्याआधी मी आमच्या माणसांच्या भेटींच्या नोंदी काढल्या. प्रत्येक वेळी ‘सिग्नल ठीक’. माणसं खोटं लिहीत नव्हती. जळगावच्या उन्हाळ्यात शहाणा माणूस बाहेरची कामं सकाळीच उरकतो. हे सकाळी जायचे, गावातल्या डबीवर, म्हणजे जिथून घरोघरी जोडण्या जातात तिथे, मीटर लावायचे, सिग्नल चोख, आणि ऊन चढायच्या आत परत. तक्रार दुपारची, तपासणी सकाळची. दोघांची कधी भेटच झाली नाही.

म्हणून मी फायबर जोडणाऱ्या सलीमभाईंना म्हटलं, आपण दुपारी जाऊ.

“मॅडम, केबल उन्हाने खराब झाली की नाही माहीत नाही,” ते म्हणाले, “आपण नक्की होऊ.”

सॉफ्टवेअरने जागा मात्र अचूक सांगितली होती. गावाबाहेर, केळीची बाग, बांधावरून गेलेली आमची केबल. दोन खांबांमध्ये ती जरा लोंबत होती आणि तिला नायलॉनच्या दोरीने ओळीने केळीची झाडं बांधली होती. घड भरले की झाड पुढे झुकतं, त्याला आधार लागतो. दुपारी वारा सुटला की घडांसकट झाडं डोलत आणि प्रत्येक गाठीपाशी केबल कोपरासारखी मुडपत होती. मी शिंदखेड्याची, आमच्याकडे कापूस. कापूस कधी केबलला लटकत नाही, त्यामुळे ही शक्यता माझ्याही यादीत नव्हती.

बागेतून एक आजोबा आले. गाव त्यांना नाना म्हणतं.

“काय शोधू राहिले, ताई?”

मी सांगितलं. त्यांना पटेना. केबल त्यांच्या बांधावरून जाते, त्याचं त्यांनी कधी काही मागितलं नाही. शिवाय तार मजबूत आहे, इतके दिवस तुटली का? हा त्यांचा बिनतोड मुद्दा.

“आणि दोऱ्या सोडल्या न् वादळात घड पडले, तर तुमचं ते मशीन उचलायला येईल का?”

मी म्हटलं, बांबूचे टेकू लावा. ते म्हणाले, बांबू आणायला माणूस नाही. तेवढ्यात घराकडून एक बाई झपझप येताना दिसली. गळ्यात हेडफोन. फोनवरचा आवाज मी लगेच ओळखला. ती कविता होती आणि नाना तिचे सासरे.

तिने दोऱ्या बघितल्या, केबल बघितली, मग सासऱ्यांकडे बघितलं.

“नाना, आता पुन्हा मीटिंग तुटली. मी पुण्याला जाते. सकाळचा चहा, छकुलीची वेणी आणि शाळेचा डबा, बठ्ठं तुमच्याकडे.”

नाना नातीच्या वेणीचा विचार करत असावेत. मग कमरेची कोयती काढावी तसा खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पहिली गाठ स्वतः सोडली.

सलीमभाई डबीवर मीटर धरून फोनवर आकडे सांगत होते. गाठ सुटली की लॉस उतरायचा. शेवटची सुटली आणि लाइन सकाळइतकी चोख झाली. भर दुपारी. बांबू आणायला माणूसही संध्याकाळपर्यंत सापडला.

दुसऱ्या दिवशी केबलची ऑर्डर रद्द झाली. सॉफ्टवेअरने स्वतःहून शेरा मारला होता: ‘तापमान घटल्याने सुधारणा’. त्या दिवशी पारा उलट चढला होता. मला खरं कारण भरायचं होतं. यादीत उंदीर होते, जेसीबी होता, केळी नव्हती. मी ‘इतर’ निवडून खाली सगळं लिहिलं. सरांचा फोन आला.

“मॅडम, केळी?”

“हो सर. घडासकट.”

त्यांनी ते यादीत घालून घेतलं. सॉफ्टवेअर हुशार आहे, एकदा सांगितलं की विसरत नाही. कविता अजून गावातूनच काम करते. आणि आमचं सॉफ्टवेअर परवा धुळ्यातल्या भर बाजारपेठेच्या लाइनवर इशारा देऊन म्हणालं: संभाव्य कारण, केळी.

मी माणूस पाठवला. दुपारी.