होणाऱ्या विहिणीचा जीव वाचवला, त्याची गोष्ट

चहा गार होत असेल तर होऊ द्या, पण हे आधी माझ्याकडून ऐका. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर तो तिखटमीठ लावून सांगेल. आणि खरं सांगू? या गोष्टीला तिखटमीठ लावायला मी कुणाला जागाच ठेवलेली नाही.

हसायचंय? हसा बिनधास्त. अख्खं बोईसर हसून झालंय.

मी मूळचा इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. वडील होडीवाले. वारा कुठून वाहतोय हे ते झोपेतसुद्धा सांगायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर समुद्रात गेलो आणि जो ओकायला लागलो, तो किनारा येईपर्यंत थांबलो नाही. वडील म्हणाले, "तू आपला कंपनीत जा रं बाबा." गेलो. आज बोईसरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे बाकीचे काम करतात आणि मी त्यांना 'मरू नका' असं सांगत फिरतो.

दर महिन्याला मी मॉक ड्रिल घेतो. भोंगा वाजला की ओला रुमाल नाकाला लावायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं, वाऱ्याला आडवं पळायचं, शेजारच्याला सोबत घ्यायचं आणि ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची. जो उशिरा उठेल त्याला मी सगळ्यांसमोर असा झापतो, की पुढच्या वेळी तो भोंग्याच्या आधीच पळत सुटतो. आमची शिफ्ट यात एवढी तयार झालीय, की कुणाच्या लग्नात बँडवाल्यांचा भोंगा वाजला तरी दोघंतिघं खिशात रुमाल चाचपतात.

तर असा मी. आणि माझी एकुलती एक लेक मानसी. शिकायला म्हणून एका मोठ्या शहरात गेली आणि नोकरीला तिथेच राहिली. शहराचं नाव सांगत नाही, सोयरिकीचा मामला आहे. भर शहरातून नदी वाहते एवढं सांगतो, पुढचं तुम्ही ओळखा.

एका रविवारी घरी आली होती. मी पापलेटचा काटा काढत होतो आणि ती म्हणाली, "बाबा, मला एक मुलगा आवडतो."

"बरं. काय करतो?"

"नाटकात असतो."

काटा घशात जायचा तो थोडक्यात वाचला. "नट आहे?"

"नट नाही हो. पडद्यामागे असतो. दृश्यं तयार करतो."

"म्हणजे सुतार?"

"बाबा!"

"अगं, मग नक्की करतो काय?"

"ते तुम्ही बघाल तेव्हाच कळेल. आत्ता सांगितलं तर मजा जाईल."

मजा! तेव्हा तिने ती मजा घालवली असती ना, तर आज मी ताठ मानेने फिरत असतो.

मी तोंड वाकडं केलं. नाटकवाला जावई म्हणजे काय? पोरीला काय पडद्यामागे संसार मांडायला सांगायचा? पण आमची हिरा, म्हणजे माझी बायको, कढी वाढता वाढता म्हणाली, "आधी बघा तरी. मग नाय म्हणा. न बघता नाय म्हणायला काय अक्कल लागते?"

ठरलं. त्या मुलाच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, तो बघायचा. मुलाचं नाव ओंकार. त्याला वडील नाहीत, आई आहे, तीही प्रयोगाला येणार होती. मी मुलगा बघणार, त्या आम्हाला बघणार आणि मग मी काय तो होकार किंवा नकार देणार. ओंकारने पासही भरपूर पाठवले. फुकट ते पौष्टिक! मी मिनीबस केली आणि आमची अख्खी शिफ्ट बायकामुलांसकट तीत भरली. निर्णय एवढा मोठा, चार शहाणी माणसं सोबत नकोत?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते नाट्यगृह बघितलं आणि आमचा यादव ऑपरेटर म्हणाला, "साहब, ये तो अपने प्लांट से भी बड़ा है." नदीच्या काठावर, ऐन बाजारपेठेच्या मागे, काचेची ही भली मोठी इमारत. आत एक सोडून तीन थिएटरं, संगमरवरी जिने, पायाखाली गालिचा. लोक वर टांगलेली झुंबरं बघत होते. मी काय बघत होतो? बाहेर पडायचे दरवाजे. सवय! डावीकडे दोन, उजवीकडे दोन, मागे मोठा. झुंबरं होती हे मला नंतर फोटोत दिसलं.

ओंकारच्या आई, शैलजाबाई, दारातच भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. नारायणपेठी साडी, करडे केस, आणि समोरच्याने आपोआप खिशातून हात काढावा अशी नजर. म्हणाल्या, "या. ओंकार आत कामात आहे. मध्यंतरात भेटेल." मी उगाच "हो मॅडम" म्हणालो.

बसायची व्यवस्था नीट ऐका, पुढे कामाला येणार आहे. माझ्या डाव्या हाताला शैलजाबाई. उजव्या हाताला आमचा फायर पंपवाला धोडी. त्याच्यापुढे ओळीने आमची शिफ्ट. हिरा आणि मानसी मागच्या रांगेत, कारण हिरा माझ्या शेजारी बसून कधीच काही बघत नाही. मी मध्येमध्ये प्रश्न विचारतो, असं तिचं म्हणणं.

नाटक सुरू झालं. नदीकाठचं गाव, वर धरण, गावात दोन भावांचं भांडण. बरं चाललं होतं. मी प्रश्नही विचारत नव्हतो. शैलजाबाई एकदा माझ्याकडे वळून हसल्यासुद्धा. मनात म्हटलं, काम फत्ते.

आणि भोंगा वाजला.

साधासुधा नव्हे हो! चढणारा, उतरणारा, परत चढणारा. आमच्या धंद्यात एका सुरातला भोंगा म्हणजे 'सगळं ठीक' आणि चढउताराचा म्हणजे 'पळा'. माझी पाठ ताठ झाली. बघतो तर स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातून काहीतरी पांढरं जमिनीलगत सरपटत पुढे येतंय. वर जात नव्हतं, खालीच! स्टेजच्या कडेवरून ओघळून ते पहिल्या रांगेच्या पायांशी आलं.

हवेपेक्षा जड वायू. सगळ्यात वाईट प्रकार!

मी वास घेतला. वास नाही. आता तुम्ही म्हणाल, वास नाही तर बरंच की. अहो, बोईसरच्या माणसाला विचारा! वास आला तर आम्ही खिडकी लावतो आणि झोपतो. वास नाही आला, की आमची झोप उडते.

मी उभा राहिलो आणि आयुष्यभर कमावलेल्या आवाजात ओरडलो, "गॅस! रुमाल ओला करा! वाऱ्याला आडवे चला!"

आमची शिफ्ट एका क्षणात उभी. मला आजही त्यांचा अभिमान वाटतो! एकानेही विचारलं नाही की साहेब, नाटक चालू आहे, कसला गॅस. पाण्याच्या बाटल्या उघडल्या, रुमाल भिजले. यादव ओरडला, "साहब, हवा किधर से?" मी पडद्याकडे बघितलं. पडद्याची झालर आमच्या बाजूला फुगत होती. "स्टेजकडून येतोय वारा! बाजूच्या दारांनी चला!" आणि निघालो, लोकांच्या गुडघ्यांवरून, पर्सांवरून, एका गृहस्थांच्या तर बुटांवरून.

शेजारच्याला सोबत घ्यायचं हा नियम मी विसरेन? शैलजाबाईंकडे रुमाल नव्हता. मी अर्धी बाटली त्यांच्या नारायणपेठीच्या पदरावर ओतली, पदराचा बोळा केला आणि त्यांच्या नाकातोंडाला लावून घट्ट धरला. त्या काहीतरी बोलायला बघत होत्या. मी म्हटलं, "बोलू नका मॅडम, श्वास वाया जातो!" त्या हात हलवून पुन्हा बोलायला गेल्या. मी बोळा आणखी घट्ट केला. एका माजी मुख्याध्यापिकेला मी असं भर नाट्यगृहातून बखोटीला धरून काढलं.

बाकीचं प्रेक्षागृह जागचं हललं नाही. शहरातली माणसं! मला वाटलं, घाबरून गोठली असतील. दारातून बाहेर पडताना मागून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. नंतर कळलं, लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. गाव सोडून पळणारे गावकरी म्हणे फार सच्चे वाटले!

नदीकाठच्या हिरवळीवर मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि हजेरी घेतली. शिफ्ट पूर्ण. मुलं पूर्ण. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच धोडी हळूच म्हणाला, "साहेब, वैनी नाय दिसत. मानसी पन नाय."

माझी पाचावर धारण बसली. काय सांगू तुम्हाला! दुनियेला बाहेर काढलं, आणि घरची दोघं आत! विनोद बाजूला ठेवा, तो क्षण मी शत्रूलाही देणार नाही. पळत दाराशी गेलो. दारावर वॉचमन.

"प्रयोग चालू असताना आत सोडत नाही."

"अरे बाबा, आत विषारी गॅस आहे!"

"मग तुम्ही आत कशाला जाताय?"

"माझी बायको आहे आत! लेक आहे!"

तेवढ्यात मागून शैलजाबाई आल्या. पदर ठिबकत होता, कपाळावरची टिकली गालावर आली होती. आवाज मात्र एकदम शांत, वर्गातला.

"तो गॅस नाही. धूर आहे. कोरड्या बर्फाचा. गरम पाण्यात टाकला की होतो."

कोरडा बर्फ! अहो, कोरड्या बर्फावर मी स्वतः व्याख्यान देतो, वर्षातून दोनदा!

"आणि तो धूर," बाई पुढे म्हणाल्या, "माझ्या ओंकारने सोडलाय. पाणी गावात शिरतं ते दृश्य. गेले कित्येक महिने तो त्याच्यामागे होता. तेच बघायला मी आले होते."

मी "सॉरी मॅडम" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी आत हेच सांगत होते." आणि पदर पिळायला लागल्या.

मध्यंतर झालं. हिरा आली, हातात बटाटेवडा घेऊन. मी तिला म्हटलं, "अगं, भोंगा ऐकून तू उठली का नाहीस?"

"का उठू? त्या धुरात उभी राहून स्टेजवरची मानसं गानी म्हनत होती की. ती पडली असती तं उठले असते. तुमाला दिसली नाय?"

नाही दिसली. मी वारा बघत होतो.

मानसी तिच्या मागे उभी होती. रडत नव्हती, चिडलीही नव्हती. माझ्याकडे अशी बघत होती, जसं आपण गटारात पडलेल्या चपलेकडे बघतो. काढावी की राहू द्यावी?

मग ओंकार धावत आला. गळ्यात हेडफोन, शर्टाला काळे डाग. मला वाटलं, आता हा मला नदीत ढकलणार, आणि मी जाणार. पण तो पहिल्यांदा काय बोलला माहितीये? "काका, कुणाला लागलं तर नाही ना? अंधारात पायऱ्या आहेत तिथे."

गोंधळ झाल्यावर पहिला प्रश्न 'कुणाला लागलं का' हाच असायला हवा. हे शिकवता शिकवता माझे केस पिकले, आणि आमच्या निम्म्या साहेबांना ते अजून जमत नाही. या पोराला कुणी न शिकवता येत होतं! त्या घटकेला मला तो मुलगा असा आवडला म्हणून सांगू, वाटलं, इथेच शालश्रीफळ देऊन टाकावं. होकार? एकदा सोडून दहादा होकार!

पण आता माझा होकार विचारतंय कोण? शैलजाबाई दुसऱ्या अंकाला येऊन बसल्या त्या थेट दुसऱ्या टोकाला. मधल्या चार खुर्च्या रिकाम्या. नाटक संपल्यावर लांबूनच नमस्कार केला आणि ओल्या पदरानिशी गेल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

परतीच्या बसमध्ये मी एकटाच पुढच्या सीटवर बसलो. मनोरचा फाटा आला तेव्हा यादव पुढे येऊन म्हणाला, "साहब, टाइमिंग अच्छा था अपना." मी त्याला बसायला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, माझं मला माहीत. त्यांचा फोन नाही. मानसीचा फोन यायचा, तोही आईला. मी आरशासमोर माफीचं भाषण पाठ करत होतो. नवी नारायणपेठी घेऊन पाठवावी म्हटलं, तर हिरा म्हणाली, "पाठवा. सोबत पान्याची बाटली पन पाठवा." लेकीचं सुख माझ्या एका बोळ्याने बुडालं, या विचाराने मला जेवण जाईना.

शेवटी एका संध्याकाळी फोन वाजला. शैलजाबाईंचा! मी उभा राहिलो. हिराने फोन स्पीकरवर टाकला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," बाई म्हणाल्या. "ओंकारचा तर प्रश्नच नाही. फक्त एक विचारायचं होतं. स्पष्टच विचारते, राग मानू नका."

"विचारा ना मॅडम," मी घाम पुसत म्हणालो.

बाई म्हणाल्या, "हे... तुमच्याकडे घराण्यातच आहे का?"

मी घसा साफ केला. औद्योगिक सुरक्षितता, प्रशिक्षण, प्रतिक्षिप्त क्रिया, सगळं मुद्देसूद सांगणार होतो. पण हिराने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली,

"नाय हो बाई. यांच्यापुरतंच हाय. पोरगी माझ्यावर गेलीय."

पलीकडून एवढा मोठा निःश्वास ऐकू आला, आणि लग्न ठरलं.